भिंतीत नक्की कुठली वायर टाकू? सोमवारी पीओपी आहे, प्लीज लवकर सांगा

कोथरूडची_शिल्पा

नमस्कार मंडळी. घाईत विचारतेय, कारण सोमवारी पीओपीवाला येतोय आणि त्याआधी वायरमनला काय ते सांगायचंय. कोथरूडला सासऱ्यांचा जुना फ्लॅट आहे, त्याच्या हॉलचं काम काढलंय. टीव्ही घेतलाय ५५ इंची ४के, तो समोरच्या भिंतीवर लागणार, पण सासूबाईंचं म्हणणं पडलं की टीव्हीखाली ते डबेबिबे आणि वायरींचा गुंता मला अजिबात नकोय, सगळं शोकेसच्या कपाटात जाऊ दे. कपाट पलीकडच्या भिंतीला. वायरमनने टेप धरून मोजलं तर वर जाऊन परत खाली येईपर्यंत सव्वासात मीटर भरतंय.

कपाटात जाणार ते असं: केबलचा सेट टॉप बॉक्स, मुलाचा पीएस५ (गेमचा डबा), नवऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप कधीतरी लावायचा असतो तो (त्याला टाइप सी आहे, आणि घरच्या जुन्या पीसीला डिस्प्लेपोर्ट), आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सासऱ्यांचा व्हीसीआर. हसू नका. नवऱ्याच्या मुंजीची कॅसेट आहे आणि सासऱ्यांना ती नवीन टीव्हीवर बघायचीच आहे. त्या व्हीसीआरला मागे तीन रंगांची भोकं आहेत, पिवळं पांढरं लाल. साउंडबार मात्र टीव्हीखालीच राहील, तेवढं सासूबाईंनी मान्य केलंय.

दुकानात एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी) विचारली तर तो म्हणाला मॅडम २.१ची घ्या, सोन्याची पिन आहे, कलर एकदम उठून दिसतील, दहा मीटरला साडेचार हजार. चार केबलचे अठरा हजार?? नुसत्या वायरींचे? टीव्हीच्या मागे चार एचडीएमआय आहेत, चारही मला सारखेच दिसतात, एकावर एआरसी लिहिलंय आणि एकावर ४के १२० हर्ट्झ. कुठलं कशाला लावायचं, आणि भिंतीत काय टाकायचं?

पेठेतला_एक

या विषयावर आधी तीन धागे आहेत. शोधायची सोय वरती उजव्या कोपऱ्यात दिलेली आहे.

(तरी सांगतो. टीव्हीवर एआरसी लिहिलेलं भोक साउंडबारसाठी राखून ठेवा, टीव्हीचा आवाज त्यातूनच बारला जातो. म्हणजे उरली तीन.)

बंड्या_तारवाला

ताई, भिंतीत वायर टाकूच नका. पाइप टाका.

खरंच सांगतो, माझा धंदाच हा आहे. आज जी वायर टाकाल ती पाच वर्षांनी जुनी होणार आणि मग भिंत फोडा. ४० एमएमचा पाइप टाका, २५चा नको, एचडीएमआयचं डोकं २५च्या पाइपात वळणावर येऊन बसतं आणि मग तिथून ते ना पुढे जात ना मागे येत. काटकोनातला एल्बो लावू देऊ नका, लांब बेंड लावायला सांगा. आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवा, पीओपीवाला दोरी बघून कापतो हा माझा अनुभव आहे, तेव्हा त्याला आधीच दम द्या. लाइटच्या वायरी या पाइपात नकोत, त्यांना वेगळा पाइप. वायरमन म्हणेल एकातच घालू, झरी (भिंतीतली खाच) एकच मारतो, ऐकू नका.

हिंजवडी_शटल

पाइपाला शंभर टक्के. आता केबलचं बघू.

पहिलं म्हणजे "२.१ची केबल" असं काही नसतंच. १.४, २.०, २.१ हे आकडे एचडीएमआयच्या स्पेसिफिकेशनचे आहेत, केबलला वेगळी नावं आहेत: हाय स्पीड, प्रीमियम हाय स्पीड आणि अल्ट्रा हाय स्पीड. ही सेकंदाला अनुक्रमे १०.२, १८ आणि ४८ गिगाबिटपर्यंत जातात. अल्ट्राच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं, ते मोबाइलच्या अॅपने तपासता येतं. लेबल नसेल आणि नुसतं "२.१ ८के गोल्ड" असं सोनेरी अक्षरात छापलेलं असेल तर दुकानदाराला हसून परत द्या.

आता तुम्हाला किती लागतं ते बघा. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे नुसतं चित्रच १२ गिगाबिटच्या आसपास झालं, त्यात दोन फ्रेमच्या मधला रिकामा वेळ आणि ८ बिट पाठवायला १० बिट वापरायची जुनी पद्धत धरली की आकडा १७.८ वर जातो. म्हणून २०१३ मध्ये आलेल्या २.० ची मर्यादा १८ ठेवलेली आहे, आणि म्हणूनच २००९ चं १.४ (१०.२ गिगाबिट) ४के दाखवायचं खरं पण सेकंदाला ३० फ्रेमच. २०१७ मध्ये २.१ आलं. पिना त्याच १९, खाच तीच, पण आधी डेटाच्या तीन जोड्या आणि चौथी घड्याळाची होती, आता चौथीलाही डेटा वाहायला लावला आणि प्रत्येकीला १२ गिगाबिट दिले, झाले ४८. मला हे डोकं फार आवडलं, चार माणसांच्या कामावर एक जण नुसता टाळी द्यायला उभा होता त्यालाच पाटी उचलायला लावली.

म्हणजे तुमच्या यादीतला फक्त पीएस५ जास्त मागणारा. सेट टॉप बॉक्स जेमतेम १०८०आय (४केपेक्षा बरंच कमी) देतो, त्याला घरात पडलेली कुठलीही केबल चालेल. चार चार केबल अल्ट्राच्या घ्यायची काय गरज?

टीव्हीवर ४के १२० लिहिलेलं भोक पीएस५ला द्या. आणि हो, केबल लावून झाल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या पोर्टचा मोड बदलावा लागतो, कुठे "एनहान्स्ड" म्हणतात, कुठे "डीप कलर", कुठे "इनपुट सिग्नल प्लस". बऱ्याच टीव्हींवर तो आपणहून चालू नसतो. लोक महागडा टीव्ही घेऊन वर्षभर अर्ध्या ताकदीवर बघतात.

ध्वनीवेडा

सोन्याच्या पिनेने फरक पडतो असं माझं मत आहे. आमच्याकडे साधी आणि चांगली दोन्ही लावून बघितल्या, चांगलीत काळा रंग जास्त खोल दिसला.

निवृत्त_टीव्हीवाला

ध्वनीवेडा साहेब, वयाचा मान ठेवून सांगतो (माझ्या), तसं होत नाही. जुन्या अॅनालॉग वायरीत व्हायचं, वायर खराब असली की चित्राला सावली पडायची, भूत दिसायचं, रंग वाहायचे. एचडीएमआयमध्ये जातात शून्य आणि एक. सिग्नल कमी पडला की आधी पडद्यावर पांढरे चमकते ठिपके उडतात, मग मधूनच दोन सेकंद काळं होतं, मग "नो सिग्नल". काळा खोल आणि लाल गडद असं काही केबल ठरवत नाही. तुम्ही बहुतेक केबल बदलताना दुसऱ्या पोर्टला लावलीत आणि त्या पोर्टचं पिक्चर सेटिंग वेगळं होतं. सोन्याचा उपयोग एवढाच की पिनेला गंज चढत नाही.

शिल्पाताई, तुमच्या व्हीसीआरबद्दल मी लिहितो कारण बाकीच्या मंडळींच्या जन्माआधीचा तो मामला आहे. ती पिवळी वायर म्हणजे काँपोझिट. उजेड आणि रंग दोन्ही एकाच तारेत कालवून पाठवलेले असतात, भाताबरोबर आमटी कालवली की पुन्हा वेगळी काढता येत नाही तसं, म्हणून त्या चित्रात बारीक चौकड्याच्या शर्टावर इंद्रधनुष्य नाचायचं. पांढरी डावा आवाज, लाल उजवा. त्यानंतर एस-व्हिडिओ आला, चार पिनांचा, त्यात उजेड आणि रंग वेगळे केले. मग काँपोनंट, हिरवी निळी लाल, त्यात अजून वेगळे. आणि काँपोझिटच्याही आधी नुसती अँटेनाची वायर, व्हीसीआर स्वतःच छोटं स्टेशन असल्यासारखा एका चॅनलवर चित्र सोडायचा आणि आपण टीव्हीचं बटण फिरवत ते चॅनल शोधत बसायचो. १९८२ च्या एशियाडला रंगीत आलं तेव्हापासून मी या धंद्यात, तेव्हा एवढं पाल्हाळ माफ करा.

आता कामाचं. हल्लीच्या टीव्हीला तीन वेगळी भोकं देत नाहीत, एकच हेडफोनसारखं बारीक भोक असतं, त्यावर एव्ही इन लिहिलेलं असतं, आणि बहुधा खोक्यात एक वीतभर वायर येते जिच्या एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची भोकं. ती वायर खोकं फेकण्याआधी शोधा. ती हरवली तर बाजारात तशीच दिसणारी मिळते पण आतली जोडणी प्रत्येकाची वेगळी असते. तपकीर गल्लीत (आपला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) मिळेल, पण घेताना टीव्हीचं मॉडेल सांगा. काही नव्या टीव्हीला हे भोक नसतंच, मग काँपोझिट टू एचडीएमआय असा छोटा डबा घ्यावा लागतो. डबा घेताना पाल चालतं ना बघा, आपला व्हीसीआर पाल असणार, ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० फील्ड.

आणि कॅसेट घालण्याआधी वरचं झाकण उचलून टेप बघा. पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. घालू नका, व्हीसीआरचं हेड (टेप वाचणारा भाग) भरेल आणि टेप आवळून तुटेल. अशी कॅसेट साफ करून देणारे अजून आहेत. चांगली असेल तर एकदाच चालवा आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

बाणेर_बाल्कनी

मी माझी फजिती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. आमचंही असंच कपाट, बारा मीटर. एवढ्या लांब तांब्याची केबल ४के ६० ला टिकत नाही म्हणून मी ऑप्टिकल एचडीएमआय मागवली, आतून काचेचे तंतू असतात, दोन्ही डोक्यांत छोटी चिप. वायरमनने टाकली, प्लास्टर झालं, पीओपी झालं, रंगाचे दोन हात झाले. टीव्ही लावला. नो सिग्नल.

दोन दिवस मी टीव्ही कंपनीच्या माणसाशी भांडत होते. शेवटी भाऊ आला, त्याने केबलच्या डोक्याकडे मोबाइलचा टॉर्च मारला आणि गप्प बसला. टीव्हीच्या बाजूच्या डोक्यावर बारीक अक्षरात "सोर्स" लिहिलेलं होतं. ऑप्टिकल केबलला दिशा असते! एका टोकाला सिग्नलचा उजेड करणारी चिप, दुसऱ्या टोकाला उजेडाचा परत सिग्नल करणारी, उलटी लावली की काहीच होत नाही. आणि आमचा पाइप नव्हता, केबल थेट प्लास्टरमध्ये. आता स्कर्टिंगच्या कडेने एक पांढरी वायर चिकटवलेली आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे काय.

सव्वासात मीटर म्हणजे तुम्हालाही ऑप्टिकलच बघावी लागेल, निदान पीएस५साठी. टाकताना डोक्यावर चिकटपट्टी लावून मोठ्ठं "टीव्ही" लिहा. आणि भिंतीत जायच्या आधी जमिनीवर सरळ पसरून एकदा लावून बघा.

हिंजवडी_शटल

+१. जमिनीवर टेस्ट करणे हा या धाग्यातला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे.

खरं तर पीएस५ कपाटात कशाला? खोक्यात चांगली अल्ट्रा हाय स्पीड केबल येते, दीडेक मीटरची, टीव्हीखाली साउंडबारच्या शेजारी उभा केला तर फुकटात काम होतं. शिवाय कपाटात तो तापतो. सासूबाईंना पटवा.

कोथरूडची_शिल्पा

सासूबाईंना पटवणं हे ४८ गिगाबिटपेक्षा अवघड आहे पण बघते. 😅

दोन प्रश्न. एक, पीसीच्या डिस्प्लेपोर्टचं काय? टीव्हीला तर तसलं भोकच नाही. दोन, कपाटाचं दार बंद असलं तर सेट टॉप बॉक्सचा रिमोट चालेल का? हे मला आत्ता सुचलं आणि घाम फुटला.

हिंजवडी_शटल

टीव्हीला डिस्प्लेपोर्ट जवळजवळ कोणीच देत नाही. एचडीएमआय काढलं २००२ मध्ये टीव्हीवाल्यांनीच, सोनी, पॅनासॉनिक, फिलिप्स, हिताची, तोशिबा, थॉमसन आणि चिप करणारी सिलिकॉन इमेज. डिस्प्लेपोर्ट २००६ मध्ये कॉम्प्युटरच्या मॉनिटरवाल्यांच्या व्हेसा संस्थेने आणलं. दोन घराणी, दोन सोयरिकी. डिस्प्लेपोर्टच्या पिनेला बहुधा कुलूप असतं, खटका दाबल्याशिवाय निघत नाही, एका केबलवरून दोन मॉनिटर ओवता येतात, मला मॉनिटरला तेच आवडतं. पण साउंडबारला आवाज परत पाठवायची एआरसी सोय त्यात नाही, आणि हॉलमध्ये तीच लागते.

तुम्ही डिस्प्लेपोर्ट टू एचडीएमआय अॅडॉप्टर घ्या. पण उलटा घेऊ नका, दिसायला दोन्ही सारखेच! पीसीतून डिस्प्लेपोर्ट निघून टीव्हीच्या एचडीएमआयला जाणारा हवा. बहुतेक पीसी डिस्प्लेपोर्टमधूनच एचडीएमआयची भाषा बोलू शकतात म्हणून तो स्वस्त असतो. उलट्या दिशेला आत चिप आणि वेगळी पॉवर लागते. टाइप सी लॅपटॉपचंही तसंच, त्या भोकातून आत खरं डिस्प्लेपोर्टच निघत असतं, पण प्रत्येक टाइप सीतून चित्र निघेलच असं नाही, काही नुसते चार्जिंगचे असतात. भोकाशेजारी डी आणि पी एकत्र गुंफलेलं चिन्ह आहे का बघा.

(अवांतर: लिनक्सवर एएमडीचं कार्ड असेल तर डिस्प्लेपोर्टच बरं. २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने एएमडीला ओपन सोर्स ड्रायव्हरमध्ये २.१ घालू दिलं नव्हतं. माझा राग अजून गेलेला नाही.)

बंड्या_तारवाला

रिमोट लाकडी दारातून चालणार नाही. काचेतून चालतो, जाळीतून चालतो. सुताराला सांगून त्या कप्प्याचं दार काचेचं करा. नाहीतर आयआर एक्स्टेंडर म्हणून वायर मिळते, तिचा डोळा बाहेर चिकटवायचा आणि दुसरं टोक बॉक्सच्या समोर.

अजून एक, पाइपात दोन कॅट सिक्स वायरीही ओढून ठेवा. आज इंटरनेटला लागतील, उद्या एचडीएमआय त्यावरून पाठवायचा डबा लावता येतो.

पेठेतला_एक

एआरसीबद्दल कोणी पुढे बोललंच नाही म्हणून मीच लिहितो. साउंडबारवर पण ज्या भोकावर एआरसी लिहिलंय त्यातच लावा, दुसऱ्यात लावून "आवाज येत नाही" असा चौथा धागा काढू नका. टीव्ही आणि बार दोन्हीवर ईएआरसी असेल तर उत्तम, त्यातून न दाबलेला आवाज जातो. नुसतं एआरसी असेल तरी ओटीटीवरचा अॅटमॉस (चहूबाजूंनी येणारा आवाज) जातो. जुनी ऑप्टिकल ऑडिओ वायर पण चालते, पण तिच्यातून ५.१ च्या पुढे काही नाही आणि टीव्हीच्या रिमोटने बारचा आवाज कमीजास्त होईलच असं नाही.

सीईसी नावाची भानगड चालू करावी लागेल. प्रत्येक कंपनीने तिला स्वतःचं बारसं केलेलं आहे, सिंपलिंक, एनीनेट प्लस, ब्राव्हिया सिंक. एकाच १३ नंबरच्या पिनेवरून सगळी यंत्रं एकमेकांशी बोलतात आणि कधीकधी नको ते बोलतात. आमच्याकडे मुलाने गेम चालू केला की बातम्या बंद होतात. वडिलांच्या मते हे मुद्दाम केलेलं आहे.

कोथरूडची_शिल्पा

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी.

पाइप ४०चा टाकला, वायरमन "एवढा कशाला ताई" म्हणत होता. दोरी पीओपीवाल्याने कापलीच, बंड्यादादा तुमच्या तोंडात साखर पडो, पण मी दोन सोडल्या होत्या. पाइपात एक ऑप्टिकल (चिकटपट्टीवर लाल मार्करने टीव्ही लिहून, आधी जमिनीवर लावून बघून), एक साधी सेट टॉप बॉक्सची, दोन कॅट सिक्स आणि व्हीसीआरसाठी तीन रंगांची लांब वायर. ऑप्टिकल पीसीसाठी लागली कारण पीएस५ टीव्हीखालीच राहिला, सासूबाईंना सांगितलं की कपाटात तापून जळेल, दोन मिनिटांत तयार झाल्या. अठरा हजारांच्या जागी साडेपाचात सगळं बसलं.

मुंजीच्या कॅसेटवर बुरशी नव्हती. पण टीव्हीच्या खोक्यातली ती वीतभर वायर कोणीतरी खोक्यासकट भंगारात दिली होती, मग घरातल्या जुन्या कॅमेऱ्याची तशीच दिसणारी लावली. पडदा काळा, आणि साउंडबारमधून नुसताच घूंऽऽ असा आवाज. सासरे म्हणाले गेली कॅसेट.

निवृत्त_टीव्हीवाला

घूं आवाज आला म्हणजे व्हीसीआरकडून चित्र येतंय, कॅसेट गेली असं समजू नका. तो ५० हर्ट्झचा आवाज, चित्र आवाजाच्या तारेत शिरलंय. व्हीसीआरकडून येणारी पिवळी काढून लालमध्ये घालून बघा, आणि लाल पिवळ्यात.

कोथरूडची_शिल्पा

काका!!! आलं. पिवळी लालमध्ये घातल्याबरोबर आलं. पडद्यावर नवरा मांडीवर बसून रडतोय आणि आजेसासूबाई त्याला लाडू दाखवतायत. सासरे टीव्हीपासून दोन फुटांवर खुर्ची ओढून बसलेत. ५५ इंचावर चित्र भयानक फुटतंय, पण मागे सरका म्हणायची कोणाची हिंमत नाही.